गोविंदच्या गुडघ्याला काहीच झालं नव्हतं

आम्ही दोघं निघालो त्या सकाळी निम्मं गाव फलटणच्या स्टँडवर आलं होतं. मिरजेची एसटी लागली होती. कोणीतरी हलगी आणली होती आणि ती वाजवावी की नको, यावर मंडळाच्या पोरांचं एकमत होत नव्हतं. खो-खोच्या जोरावर थेट कर्नाटकातल्या कारखान्यात नोकरी लागलेली गावातली पहिली दोन माणसं आम्ही. माझे वडील खिडकीखाली उभे राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "परमुलखात मान खाली घालून राहायचं. उलट बोलायचं नाही." गोविंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, वय एकोणीस. त्याच्या आईने, मालनकाकूंनी, दशम्यांचं गाठोडं त्याच्या हातात न देता माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "सुनील, तू थोरला हायस. ह्याच्याकडं बघ." गाडी हलली तेव्हा हलगी वाजली. मी रडलो. गोविंद रडला नाही, तो खिडकीतून सगळ्यांना नावानिशी हाका मारत राहिला.

आपल्या खो-खो मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतायत. स्मरणिकेसाठी म्हैसूरच्या आठवणी लिहून द्या, असा तुमचा फोन आला त्याला आता महिना होईल. मी तीनदा लिहायला बसलो. राजवाड्यावरचे दिवे, दसऱ्याची मिरवणूक, पहिल्या वर्षी भातावर न भागणारी भूक, भाकरीसाठी केलेली वणवण, हे सगळं लिहून झालं. वाचताना वाटलं, हे कोणीही लिहील. तुमच्याकडे माझी म्हैसूरची एक आठवण आधीपासूनच आहे, मीच दिलेली, आणि ती खोटी आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय दुसरं काही लिहायचा मला अधिकार नाही.

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात कारखान्याच्या मागच्या बाजूला आमची एक खोली होती. दोन लोखंडी खाटा, एक स्टोव्ह, दारामागे वाळत घातलेले बूट. सकाळी कंपनीची बस, चारपर्यंत काम, मग मैदान. मला कन्नड यायला दीड वर्ष लागलं, गोविंदला चार महिने. तुम्हाला माहीत आहे, त्याचं घर महानुभाव. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवाचा प्रसाद तो घेत नसे आणि दारूच्या दुकानासमोरून जायचं झालं तरी रस्त्याची कड बदले. आयुधपूजेला कारखान्यात यंत्रांना हार घालतात, कोहळे फोडतात. गोविंद आपलं मशीन इतरांपेक्षा लख्ख पुसायचा, पण कुंकू लावायचा नाही. "एनप्पा स्वामी, प्रसादही बेडवा?" काय स्वामी, प्रसादही नको? अशी लोक त्याची थट्टा करत. तो हसून म्हणे, "बेडा सार, आमच्या घरात नाही." दुसऱ्या वर्षी पाहिलं तर फोरमनने पूजेच्या आधीच एक केळं त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. परक्या मुलखाने त्याला कधी वाकवायचा प्रयत्न केला नाही. तो मी केला.

मी संघाचा कप्तान होतो. दसऱ्याच्या दिवसांत शहरात एक निमंत्रितांची स्पर्धा ठरली, आणि सगळ्या संघांना आयोजकांकडून नवे शर्ट मिळाले. प्रायोजक दारूची कंपनी. शर्टावर दारू छापता येत नाही म्हणून त्याच नावाचा सोडा छापलेला, पाठभर, पिवळ्या अक्षरांत. आयोजकांतला एक जण आम्हाला कौतुकाने समजावत होता की जाहिरातीला खो-खोसारखा खेळ नाही. आठ गडी चौकोनांत एकाआड एक उलट्या तोंडांनी बसतात, म्हणजे प्रेक्षक कुठल्याही बाजूला असोत, चार पाठी त्यांच्याकडे असतातच. आणि दर वेळी खो देताना हाताचा पंजा बरोबर नावावर पडणार. मला ते हुशारीचं वाटलं होतं.

गोविंदने शर्ट उलगडला, वाचला, घडी घातली आणि माझ्या खाटेवर ठेवला.

"सुन्या, हा मी घालत न्हाई."

"अरे, प्यायला कोण सांगतंय? शर्टच तर आहे."

"नुसता शर्टच हाय, तर मग मला कंपनीचा जुना घालू दे की."

मी आयोजकांना विचारलं. एका संघात दोन प्रकारचे शर्ट चालणार नव्हते. आमचे मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वंदु शर्टु अष्टे, सुनील. हेळु अवनिगे." एक शर्ट तर आहे, सांग त्याला. त्यांनीच आठवड्यापूर्वी मला म्हटलं होतं की पुढच्या वर्षापासून संघाचा कोच तूच. आपल्याच गावचा एक पोरगा ज्याचं ऐकत नाही, त्याला कोच कोण करील? हा विचार तेव्हा माझ्या मनात होता. नव्हता असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो, पण होता.

मी खोलीवर येऊन त्याला दोन तास समजावलं. वडिलांचं वाक्य ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "मला बारा जणांतनं काढ. बाहेर बसतो. पण कारण खरं लिही, शर्ट घालत न्हाई म्हणून."

"असं लिहिलं तर नोकरी जाईल तुझी. अजून कायम नाहीस तू."

"जाईल तर माझी जाईल. तू कशाला घाम पुसतोस?"

यादीच्या कागदावर न खेळणाऱ्यांसाठी कारणाचा रकाना होता. मी त्यात लिहिलं, उजव्या गुडघ्याला दुखापत. लिहिताना हलकं वाटलं. त्याची नोकरी वाचली, माझा मान राहिला, आयोजक खूश. कोणाचंच काही गेलं नाही, असं मला खरोखर वाटलं.

सामन्याच्या दिवशी तो आमच्यासाठी पाणी घेऊन कडेला बसला होता. पलीकडच्या संघातल्या एकाने जाता जाता विचारलं, "कालु हेगिदे?" पाय कसा आहे? गोविंदने आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला तिथे कळलं.

"काय लिवलंस?"

मी सांगितलं.

"खोड ते."

"सामना होऊ दे, खोडतो."

आम्ही उपांत्य फेरीत हरलो. मी खोडलं नाही. सांगण्यासारखं कारणही नाही. आज खोडू, उद्या खोडू, असं करत राहिलो आणि कागद पुढे कंपनीच्या ऑफिसात गेला.

दोन वर्षं भरली की खेळाडू म्हणून घेतलेल्यांना कायम करायचं की नाही ते ठरे. त्याच्या कागदांत माझ्या हातचा तो गुडघा आला. आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलामागचे गृहस्थ चांगले होते, त्यांना त्याला ठेवायचंच होतं. त्यांनी विचारलं, "गुडघ्याला खरंच दुखापत आहे का? नसेल तर आत्ता सांग, डॉक्टरांकडे पाठवतो." गोविंद खोटं बोलत नसे. त्याने "नाही" म्हटलं असतं तर कप्तानाने खोटं लिहिल्याचं तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं. "हो" म्हटलं असतं तर ते त्याचं खोटं झालं असतं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पंखा फिरत होता. त्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा विचारलं. गोविंद खिडकीबाहेर बघत राहिला, मी जमिनीकडे. तो गप्प राहिला तो माझ्यासाठी. मी गप्प राहिलो तोही माझ्यासाठीच.

त्याला कायम केलं नाही. मी त्याला म्हैसूरच्या स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीत सामान ठेवून तो पुन्हा खाली उतरला आणि म्हणाला, "नोकरीचं मला काय न्हाई. पण मी आयुष्यात एकदा न्हाई म्हणालो व्हतो. त्याचं तू दुखणं केलंस." त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक, पोचल्यावर फोन कर, असं काहीतरी.

त्याच्या आधी माझाच फोन गावाला पोचला. मी वडिलांना सांगितलं, गोंद्याचा गुडघा गेला. वडिलांनी चावडीवर सांगितलं. तिथून पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मालनकाकूंनी वर्षभर रोज त्या गुडघ्याला निर्गुडीचं तेल चोळलं. तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, "आये, गुडघ्याला काय न्हाई." त्या म्हणायच्या, "सुनील खोटं कशाला बोलंल?" आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला मैदानावर पाऊल टाकू दिलं नाही. "गोंद्या, गुडघा जप. तू शिट्टी वाजव." प्रेमानेच. तालुक्यातल्या सगळ्यात चपळ गड्याला पंचविशीच्या आत शिट्टी दिलीत. तुमची चूक नाही. तुम्ही माझं ऐकलंत.

मी कोच झालो. मला वाटलं होतं, तो गेल्यावर थोडे दिवस चुकल्यासारखं होईल आणि मग सरेल. खोलीतली दुसरी खाट कंपनीने पुढच्या महिन्यात नेली, जमिनीवर तिच्या चार पायांचे गंजाचे ठिपके राहिले. वयाच्या दहाव्या वर्षापासून मी त्याच्या पाठीवर खो देत आलो होतो. पळता पळता न बघता हात टाकला तरी पाठ जिथे असायला हवी तिथेच असायची. म्हैसूरच्या संघात नंतर त्याच्यापेक्षा उंच, त्याच्यापेक्षा तयार मुलं आली. माझा पंजा प्रत्येक वेळी वीतभर चुकत राहिला. दोन वर्षांनी मी खेळणंच सोडलं. लोकांना सांगितलं, कोचिंगला वेळ पुरत नाही.

आता म्हैसूरच्याच कुवेंपुनगरात राहतो. बायको इथल्या जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, पण ती इथली, कन्नडात मुरलेली. मी बोललो की सासूबाई हसून म्हणतात, "जावईबापू पेपरासारकं बोलतात अप्पा!" माणसं मायाळू आहेत. तरी कधी कधी आठवडा जातो आणि 'काय रं' असं मला कोणी म्हणत नाही, मीही कोणाला म्हणत नाही. रविवारी जेवणं झाल्यावर सगळे झोपतात तेव्हा मी गच्चीवर जाऊन बसतो. समोर टाक्या, तारा, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या साड्या. गोविंद असता तर आम्ही काही बोललो असतो असंही नाही. नुसते बसलो असतो.

तीन आठवड्यांपूर्वी माझी मुलगी फोन घेऊन वर आली. "पप्पा, नोडी, हे बघा. ह्या प्लेयरला दारूचा लोगो चालत नाही, म्हणून घातलाच नाही त्याने. टीमने वेगळा शर्ट करून दिला. ग्रेट ना, अल्वा?" मी बातमी दोनदा वाचली. खेळाडूने सांगितलं, संघाने ऐकलं, वेगळा शर्ट शिवला. इतकं सोपं. तिने विचारलं, "तुमच्या टैममध्ये असं कोणी होतं?" मी म्हटलं, होतं एक जण. "मग काय झालं?" मी म्हटलं, त्याचा गुडघा दुखावला. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या लेकीला, कोणी काही मागत नसताना. ती खाली गेल्यावर मला माझीच भीती वाटली.

त्याच संध्याकाळी गोविंदला फोन केला. वर्षातून दोनदा, सणासुदीचं बोलतो आम्ही. ह्या वेळी म्हटलं, "स्मरणिकेत खरं लिहू का?"

तो म्हशींच्या धारा काढत होता, बादलीत पडणारी धार ऐकू येत होती. ती थांबली.

"आता कशाला? लोकं गुडघा जप म्हणत्यात, मी बी जपतोय."

"गोंद्या, चेष्टा नको."

"लिही मग. पण मला महात्मा करू नको. शर्ट नको व्हता, एवढंच लिही."

"आणि काकूंना?"

"आयेला मी वाचून दावणार न्हाई. सांगून बघितलंय मी वर्षभर. तिनं माझं ऐकलं न्हाई, तुझं ऐकलं. तूच येऊन सांग."

म्हणून लिहिलं. हे छापा किंवा छापू नका, मंडळाची मर्जी. कार्यक्रमात माजी खेळाडूंचा सामना ठेवलाय म्हणे. त्यात गोविंदचं नाव पंच म्हणून आहे, ते खोडून खेळणाऱ्यांत घाला. माझं नाही घातलंत तरी चालेल.

पुष्कळ लोक विचारतात, इतकी वर्षं म्हैसूरला आहात, आता हेच तुमचं घर ना? मी हो म्हणतो. माझं रेशनकार्ड इथलं, माझी लेक इथली, म्हातारपण इथेच जाईल. इथे मला खोटारडा म्हणणारं कोणी नाही. पण इथे दर गोष्टीला माझ्याकडे कागद मागतात आणि मी तो दाखवतो. डोळे मिटून माझा शब्द खरा मानणारी माणसं फक्त तुमच्याकडे होती, आणि त्याच शब्दाने मी तुमच्यातल्या एकाला मैदानाबाहेर बसवलं. घर म्हणजे काय ते मला असं कळलं.

पुढच्या शुक्रवारी येतोय. मालनकाकूंना काय सांगायचं ते ठरवलंय, पण पहिलं वाक्य अजून जमत नाही. आता ऐंशी पार केलीय त्यांनी, कानाला कमी येतं. म्हणजे ते मला मोठ्याने बोलावं लागेल, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तसंच बोलेन.