लघुग्रहावरचा जास्तीचा निळा

सुगत, तुझ्या नावाआधी 'कालकथित' लावायला हात धजत नाही, म्हणून सरळ तुझ्याशीच बोलते. विहाराच्या स्मरणिकेसाठी 'भिलाईचा शास्त्रज्ञ' असं काहीतरी लिहून मागतात. ते देईन न देईन. तू कुठला शास्त्रज्ञ! कंत्राटावरचा प्रकल्प-सहायक होतास. भिलाई-३च्या रेल्वे क्वार्टरात, तुझ्या वडलांच्या, जानरावांच्या, खडखडणाऱ्या कुलरसमोर बसून, परक्या देशाच्या यानाने पाठवलेले आकडे चाळायचास.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली, त्यामुळे मला थापा चालल्या नसत्या. तू नीट सांगितलंस. यान लघुग्रहाभोवती फिरतं, दगडावरून परतलेला सूर्यप्रकाश फोडून मोजतं. दगड ज्या लहरी गिळतो, तिथे आलेखात खड्डा पडतो. खड्डा कुठे, त्यावरून खनिज कोणतं ते कळतं. पाणी धरून बसलेल्या चिकणमातीला तू नकाशात निळा रंग दिलास.

विहारात पडद्यावर तो निळा दिसला मात्र, टाळ्या आणि 'जयभीम'!

"अरे, रंग मी निवडला! दगड तसा नाही!" तू ओरडत राहिलास.

"तूच निवडला ना? मंग बराबर निवडला!" पुढच्या रांगेतले शालिकरामभाऊ म्हणाले. हशा.

आठवड्यात त्या नकाशाचा फ्लेक्स विहाराच्या भिंतीवर उंच चढला. तुझी आई रुक्मा दर रविवारी नेमकी त्याखाली बसू लागली.

पावसाळा सरता सरता तू माझ्याकडे आलास. चहालाही थांबेनास.

"मावशी, गडबड झाली. उन्हानं तापलेला दगड स्वतःची गर्मी फेकते. ते वजा करा लागते. मी जास्तच वजा केली, म्हणून खड्डे खोल दिसले. अर्धा निळा झूठा आहे."

"साहेबांना कळवलंस?"

"त्याच दिवशी. नवा नकाशा गेला पन. तिकडं कोनी काही बोललं नाही. पन माय बोट दाखवून लोकाईले सांगते, 'हे पानी माह्या पोरानं धुंडलं.' मले ऐकवत नाही."

"मग आत्ताच चल, तो फ्लेक्स उतरवू. चपला घालते."

"आज नाही. रविवारी, माय असताना. तिच्या पाठीमागून नाही काढायचं. तू फक्त सोबत राह्य."

त्या रविवारी तू डेंग्यूने हॉस्पिटलात होतास. पुढच्या रविवारी नव्हतासच.

आता लोक तुला त्या निळ्यासाठीच ओळखतात. तू स्वतः ज्याच्यावर काट मारलीस, तेच तुझं नाव झालं. चूक धरायला तुला किती रात्री लागल्या, ते कुणालाच ठाऊक नाही. मी विहारात दोनदा सांगायला उठले. दोन्ही वेळा रुक्माने मला हाताला धरून खाली बसवलं. "बस न बाई," म्हणाली, "इथं सुगतजवळ बरं वाटते." माझ्यासारखी फटकळ बाई, पण तिच्या शेजारी बसून राहिले.

तुझा नवा नकाशा गुंडाळून माझ्या कपाटावर आहे. जुना उतरवायला टेंटवाल्या चंदनकडून उंच शिडी आणायची होती, आपण दोघांनी मिळून. ती अजून त्याच्याचकडे आहे.