डॉक्टर फोन उचलत नाहीत

आचोळ्यातल्या एका दवाखान्यात मी बारा वर्षं रिसेप्शनिस्ट होते. केसपेपर काढायचे, नंबर लावायचे आणि फोन घ्यायचे. डॉक्टर फोनला हात लावत नसत. त्यांचा मोबाइल ड्रॉवरमध्ये बंद पडलेला आणि दवाखान्याचा फोन माझ्या ताब्यात. “फोनवर नाडी सापडत नाही,” म्हणायचे. हट्टी माणूस! वर भुकेचे कच्चे. दीड वाजला की बाहेर दहा पेशंट असोत, “मला भूक लागली” म्हणून ओपीडी थांबवायचे, मलाही डबा उघडायला लावायचे आणि स्वतः जेमतेम एक पोळी खायचे. मी त्यावरून त्यांना खूप चिडवलंय.

पीएफ आणि रविवारची सुट्टी मिळेल म्हणून मी वसईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अर्ज केला. इंटरव्ह्यू बरा झाला. मग फॉर्म आला: सध्या जिथे काम करता तिथल्या साहेबांचं नाव आणि नंबर लिहा, आम्ही चौकशी करू. मी डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि खाली दवाखान्याचा नंबर. डॉक्टरांना मात्र आज सांगू, उद्या सांगू करत काहीच सांगितलं नाही. सोडून जातेय म्हणायला जीभ रेटेना.

गुरुवारी भर ओपीडीत फोन वाजला. अर्थात मीच उचलला.

“डॉक्टरसाहेब आहेत का? त्यांच्या रिसेप्शनिस्टबद्दल थोडं विचारायचं होतं.”

माझी चौकशी माझ्याच कानात! स्वतःच्या अकलेची कीव आली. ‘बाई फार गुणी आहे हो’ असं आपणच ठोकून द्यावं, हेही मनात येऊन गेलं. पण धीर झाला नाही. वायर ताणून, पडदा सारून मी रिसीव्हर डॉक्टरांपुढे धरला.

“मी दुसरीकडे नोकरी बघतेय. ते माझ्याबद्दल विचारतायत.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी रिसीव्हरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर बसलेली अर्नाळ्याची मासेवाली म्हणाली, “घ्या ना डॉक्टर. पोरीचं कल्यान होईल.”

त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि ओरडूनच बोलले.

“बारा वर्षं आहे माझ्याकडे. सगळ्या पेशंटना नावानिशी ओळखते. माझं चुकलं तर मलाही दटावते. घ्या तिला.” मग आणखी मोठ्याने, “पण जेवायला दीडला सोडत जा. उशीर झाला की तिला पित्त होतं. डोकं धरून बसते, पण बोलत नाही.”

पडद्याआड उभी राहून मी ढसाढसा रडले. ती भूक कधी त्यांची नव्हतीच.

नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी दीडला सुट्टी झाली तेव्हा डबा उघडून मी दवाखान्याला फोन लावला, जेवलात का विचारायला. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीचा आवाज येईल असं वाटलं होतं. दुसऱ्याच रिंगला डॉक्टरांनी उचलला.