सहा मिलिमीटर लांब नाक

केर्ली गाव मागं पडलं, जोतिबाचा चढ सुरू झाला, तेव्हा सौंदर्याला आठवण झाली. तिनं पिशवीतनं स्टीलची फूटपट्टी काढून वडिलांपुढं धरली. शाळेत पोरांना मापं शिकवायला नेलेली, परत द्यायची राहूनच गेली होती.

चनबसाप्पांनी पट्टी उन्हात तिरकी धरून बघितली आणि ते रस्त्यातच थांबले.

"ही कवा नेलतीस?"

"दसऱ्याच्या आधी. तुम्ही जेवायला गेलता अप्पा, शेडमधनं उचलली."

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत एकच पट्टी होती. फूल वाहताना दुसरी कुठं गेली असं अप्पांच्या मनात आलं होतं, पण पेढे वाटायच्या गडबडीत ते तसंच राहिलं.

अप्पा पोरवयात गडहिंग्लजकडनं आले आणि उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे लाकडी नमुने, घडवता घडवता केस पिकले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांजवळ एक वाढीव पट्टी असते. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर खरे एकशेएक भरतात. साधी पट्टी वेगळी. अप्पांचा पॅटर्न आला की फौंड्रीवाले मोजत नसत. मोजणं म्हणजे त्यांचा अपमान, अशी रीतच पडून गेली होती.

त्या साली, २००३ च्या श्रावणात, धाकटा मुलगा संगमेश बेंगळुरूच्या एका खासगी प्रयोगशाळेतनं नकाशे घेऊन आला. ही नोकरी मिळवायला तो दोन वर्षं हिंडला होता. आवाजापेक्षा वेगानं माणसं नेणारं कॉन्कॉर्ड आता बंदच होणार होतं, आणि तसलं विमान पुन्हा आणायचं तर काय करावं लागेल हे त्यानं जेवता जेवता पापडाचा तुकडा हातात धरून सांगितलं. एवढ्या वेगात पुढची हवा बाजूला सरत नाही, साचते, आणि खाली गावांवर स्फोटासारखा आवाज होतो. तो आवाज मऊ करायला नाक सुईसारखं लांब हवं. पण असलं विमान उतरायला हळू झालं की नाक वर करून येतं, आणि नाकात जरा फरक असला तर एका कुशीला कलतं. ते आधी संथ वाऱ्यात तपासायला लाकडाचा नमुना हवा होता. पंख अप्पांनी दसऱ्याआधी केले, साध्या पट्टीनं. नाक त्यानंतर, शेडमध्ये उरलेल्या पट्टीनं.

"सहाशेचं नाक," अप्पा म्हणाले. "सहा मिलिमीटर जास्ती गेलं."

नमुना बेंगळुरूला पोचला होता आणि चाचणी बुधवारी होती. एरवी या चढावर ते चार ठिकाणी टेकायचे, त्या रविवारी एकदाही टेकले नाहीत. सौंदर्या मागनं जवळजवळ पळत होती. देवाचं नाव घ्यायला जावं तर ती पट्टीच डोळ्यांपुढं यायची.

वर पोचल्या पोचल्या ते एसटीडी बूथमध्ये शिरले. संगमेश खोलीवर सापडला. सौंदर्याला ऐकू आलं ते फक्त अप्पांचं 'व्हय' आणि 'न्हाय'. फोन ठेवल्यावर त्यांनी तिला सांगितलं. नमुना मोजून घेतला, अशी संगमेशनं कागदावर सही केली होती. मोजला नव्हता. अप्पांचं काम कशाला मोजायचं, म्हणाला. आता बोललं तर नोकरी जाईल, तुम्ही गप्प बसा, कुणाला कळत नाही, असंही म्हणाला.

अप्पा देवळाच्या पायरीवर गुलालातच बसले. दर्शन घेऊन येऊ, सौंदर्या म्हणाली. आधी हे, ते म्हणाले.

"वही हाय न्हवं पिशवीत? रातच्या गाडीनं मी जातो. संगमेशचं सायेब बेळगावचं हाईत, मराठी वाचत्यात."

"मग तोंडानंच सांगा की. कागद कशाला?"

"पोरगं समोर उभं ऱ्हायलं की माझी जीभ वळायची न्हाय. पट्टी चुकली ती माझी. मोजलं न्हाय ते त्येनं. दोन्ही लिही."

सौंदर्यानं पेनाचं टोपण काढलं. "आणि पट्टी मी न विचारता नेली, ते?"

"तेबी घाल," अप्पा म्हणाले. "आणि तुझा भाऊ हाय म्हणून एक शब्दबी पातळ करू नगंस."