छापून आलंय!

गिरगावातल्या आमच्या चाळीत मनमोहनराव त्रिलोकेकर रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर मोठ्यानं वाचायचे. निवृत्त कारकून, विधुर, घरात दुसरं माणूस नाही. पण त्या तासाभरात त्यांचा रुबाब काय विचारता! कोणी अर्धी दाढी करून ऐकायला येई, बायका तांदूळ निवडत बसत. कोणी शंका काढली, की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "छापून आलंय!" वाद तिथंच मिटायचा.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली आणि आमच्या नाक्यावर गोळीबार झाला. शेजारच्या सुभद्राबाईंचा रघुवीर आईची तुटलेली चप्पल घेऊन चांभाराकडे निघाला होता. तो पडला तो गॅलरीत उभ्या असलेल्या मनमोहनरावांच्या डोळ्यांदेखत.

मग पेपर आला. मनमोहनराव नेहमीसारखे खणखणीत वाचत गेले, "दगडफेक करणारा रघुवीर नावाचा गुंड ठार."

सुभद्राबाई दारातच होत्या. "अहो, तुम्ही पाहिलंत ना त्याला? मग सांगा ना सगळ्यांना, काय होतं त्याच्या हातात!"

"पाहिलं, वहिनी. पण छापून आलंय. मलाच नीट दिसलं नसेल."

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा शाईवर भरवसा! मला आजही त्या माणसाचा संताप येतो. कीवही येते, कारण शिक्षा फार झाली.

त्यानंतर गॅलरीत कोणी फिरकलं नाही. बातम्या आता नाक्यावरच्या सभेत कळायच्या. पेपर उरला रद्दीपुरता. मनमोहनराव मात्र रिकाम्या गॅलरीत वाचत बसायचे. "काय, आज काय थापा छापल्यात?" असा टोमणा जाता जाता कोणी मारला, तरी त्यांना बरं वाटायचं. इतके ते एकटे पडले होते.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. अख्खी चाळ गुलाल उधळत रस्त्यावर. वर राहिले मनमोहनराव आणि सुभद्राबाई. पुढचं मला बाईंनीच सांगितलं. त्या जाऊन त्यांच्यासमोर बसल्या. इतक्या वर्षांनी कोणी ऐकायला बसलंय म्हणून मनमोहनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईनं पेपर उघडला.

"पेपर राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझ्या रघूच्या हातात काय होतं?"

मनमोहनराव उभे राहिले आणि पूर्वीच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "रघुवीरच्या हातात आईची चप्पल होती. दगड नव्हता!"

खाली ढोल वाजत होते. ऐकायला एकट्या सुभद्राबाई होत्या, आणि त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.