बिनटोपीचा फोटो

मुलांनो, तुमच्याकडे पाहुणी म्हणून यावं की कायमचं, हे माझं ठरत नव्हतं. तुमच्या बाबांनी दोन्ही व्हिसांची माहिती पाठवली होती. निदान फोटो तरी काढून ठेवावा, म्हणून मी मोशीतल्या स्टुडिओत गेले.

माझ्याआधी एक आजोबा खुर्चीवर बसले होते. फोटोग्राफर म्हणाला, "बाबा, टोपी काढा. व्हिसाला चालत नाही."

आजोबांनी टोपी दोन्ही हातांनी धरली. "नातवानं मला बिनटोपीचा कधी बघितला न्हाई. वळखंल का?"

"मी तरी कुठं बघितलाय? काढा आता!" त्यांची बायको हसत म्हणाली.

शेवटी त्यांनी टोपी माझ्या हातात दिली. "खाली ठेवू नका, बाई." फोटो निघताच त्यांनी आधी टोपी घातली, मग हसले.

"कायमचे निघालात?" मी विचारलं.

"पोरगा म्हणतोय कायमचं या. पर मी पाव्हणा म्हणूनच जानार. पाव्हणा निघाला की घरचे म्हणत्यात, ऱ्हावा की अजून. ते ऐकायला लई बरं वाटतं."

माझ्या फोटोला चष्मा चालत नव्हता. तो आजोबांनी सांभाळला, टोपीसारखाच, दोन्ही हातांनी.

घरी येऊन मी तुमच्या बाबांना पाहुणीचा व्हिसा काढायला सांगितलं. विमानतळावर फोटोतली बाई शोधू नका, चष्मेवालीच आजी येईल. आणि मी परत निघाले की काय म्हणायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.