घुंगरमाळेचे महापौर

"थांबा! स्वागत झाल्याबिगर कुनी गावात पाय टाकायचा न्हाई!"

चिंचवड स्टेशनाच्या फलाटावर आमचे मामा असे ओरडले, की सुटायला निघालेली संध्याकाळची पॅसेंजरसुद्धा दोन मिनिटं जागच्या जागी घुटमळली. ज्याच्यासाठी हे ओरडणं होतं तो रत्नागिरीकडचा माणूस डोक्यावर ट्रंक, काखेत फणस आणि मागे बायको-पोरं अशा थाटात नुकताच उतरला होता. पुढ्यात त्याला दिसला काय, तर जरीकाठी उपरणं पांघरलेला, गळ्यात बैलाची घुंगरमाळ घातलेला सहाफुटी गृहस्थ आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारा खराखुरा बैल. त्यानं आधी तिकीट काढून दाखवलं. मामा हलले नाहीत. मग त्याला वाटलं, हा जकातवाला असणार. "फणस विकायचा नाय हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "घरी खायला आणलाय."

"मग खाऊ की," मामा म्हणाले, आणि त्याची ट्रंक आपल्या डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागले.

हे मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान आणि चिंचवडचे पहिले महापौर. तेव्हा चिंचवडला महानगरपालिका नव्हती, नगरपालिकाही नव्हती. होती ती ग्रामपंचायत, आणि तिच्यातही मामा नव्हते. पण एवढ्याशा कारणासाठी पद सोडणाऱ्यांतले ते नव्हेत. झालं असं, की पुण्याला नुकतीच महानगरपालिका झाली होती, आणि मंडईत वांग्याच्या पाट्या रिकाम्या करून परतणारे मामा गर्दी दिसली म्हणून तिच्या सभेत शिरले. खाली सगळे भांडत होते आणि वर उंच खुर्चीत एक माणूस शांत बसला होता. ह्यांच्याकडे काय असतं, असं मामांनी दारातल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, तसं काही नाही. कारभार सगळा आयुक्तांचा. महापौरांनी सभा चालवायची, आल्यागेल्याचं स्वागत करायचं. मुदत एक वर्षाची, निवड हात वर करून. मामांना चाळिसाव्या वर्षी आपल्या लायकीचं काम सापडलं. अधिकार नसण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या पंचक्रोशीत कोणी नव्हता.

ह्या पदाचा इतिहास ते ओट्यावर बसून आम्हाला ऐकवत. पूर्वी गावोगाव पाटील असायचा, त्याच्या हातात काठी. पेशवाईत पुण्याला कोतवाल आला, तो माणसं धरायचा. मग गोरा साहेब आला, तो माणसांना दाराबाहेर उन्हात उभं करायचा. "आनि सगळ्यात शेवटी महापौर," मामा म्हणत. "त्याच्या हातात काय बी न्हाई. रिकामा हात असला तरच मानूस दुसऱ्याची ट्रंक उचलतो." महापौराच्या गळ्यात साखळी लागते असं त्यांच्या कानावर आलं होतं. घरात साखळी एकच, विहिरीच्या पोहऱ्याची, आणि ती द्यायला आत्या तयार होईना. म्हणून त्यांनी हरण्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घातली. हरण्याला ही बदली मान्य नव्हती. माळ जिकडे जाईल तिकडे तो मागोमाग जायचा, दावं तोडून जायचा. शेवटी मामांनी त्याला उपमहापौर करून टाकलं.

निवडणूक मात्र कायद्यानं व्हायची. दर पाडव्याला गुढी उभी राहिली की मामा माळ काढून ठेवत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हात जोडून उभे राहत आणि विचारत, "आपलं मत?" मतदार एकच, आत्या. ती चुलीपुढून उजवा हात वर करायची आणि मामा वर्षभरासाठी बिनविरोध निवडून यायचे.

पुढे पिंपरीच्या माळावर मोठा कारखाना उभा राहू लागला आणि गाडीतून रोज कोणी ना कोणी उतरू लागलं. कोणी बीडचं, कोणी कोकणातलं. ओळखीचं कोणीच नाही. खोली मिळेपर्यंत सगळ्यांचा मुक्काम महापौरांच्या ओसरीवर. तो फणसवाला चार दिवसांसाठी आला आणि दिवाळीला हलला. त्याच्या जागी तोवर तीन बिऱ्हाडं आली होती. आत्या एकदाच म्हणाली, "स्वागत तुमी करायचं आन् भाकरी मी थापायच्या." म्हणाली आणि थापायला बसली.

त्यानंतरच्या गुढीपाडव्याला मामा उंबऱ्याशी उभे राहिले. "आपलं मत?" आत्यानं मान वर केली नाही. मामांनी पुन्हा विचारलं. ती खाली परातीत बघत होती. हात काही वर झाला नाही. ओसरीवरच्या बारा माणसांनी माना वळवल्या. मामा मागे वळले, गोठ्यात गेले आणि माळ हरण्याच्या गळ्यात परत बांधून आले. त्या दिवशीची पुरणपोळी त्यांना गेली नाही, आणि मामांना पुरणपोळी न जाणं म्हणजे पवना नदीनं उलटं वाहणं.

वर्षभर ते स्टेशनाकडे फिरकले नाहीत. मुदत म्हणजे मुदत. पाच वाजता शिट्टी झाली की ओट्यावर बसल्या बसल्या त्यांचे खांदे तेवढे हलत. पण हरण्याला कायदा कोणी समजावलेला नव्हता. शिट्टी झाली की तो दावं तोडून, घुंगरं वाजवत एकटाच फलाटापर्यंत जायचा आणि परत यायचा. आणि आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या मागून ट्रंक घेतलेलं एखादं बिऱ्हाड दारात येऊन उभं राहायचं. बैल गावाकडच्यासारखा ओळखीचा वाटला, असं ती माणसं म्हणायची. मामा तोंड फिरवून बसत. आत्या पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवायची.

पुढच्या पाडव्याला मामा उंबऱ्याकडे गेलेच नाहीत. तेव्हा आत्याच पदराला हात पुसत ओट्यावर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि उजवा हात वर केला. बराच वेळ तसाच धरला. मामा उठले, गोठ्यात गेले, आणि पाच वाजता फलाटावरून ओरडणं ऐकू आलं. त्यानंतर मरेपर्यंत ते पडले नाहीत. पण एका वर्षी आपल्या घरातलं एकुलतं मत आपल्याला मिळालं नव्हतं, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. आणि त्याचं कारण त्यांनी आत्याला कधी विचारलं नाही.

मामांच्या तेराव्याला चिंचवड स्टेशनापासून घरापर्यंत माणसंच माणसं होती. सगळी पांगल्यावर आत्या तांदूळ निवडत बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, आत्या, त्या वर्षी मामांना मत का नाही दिलंस?

आत्यानं एक खडा काढून बाजूला टाकला.

"बारा मानसांची कनीक मळत हुते. दोन्ही हात परातीत हुते," ती म्हणाली.