कारल्याचा पासवर्ड

केजला घराच्या पुढच्या खोलीतच आमचा धंदा होता. मी औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्राम लिहायची आणि नवरा गावोगाव फिरून दुकानं मिळवायचा. दर महिन्याला सुधारलेल्या प्रोग्रामची एक फ्लॉपी मी सरांना द्यायची. सर म्हणजे स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणारे माझे गुरू. सुनेला कशाला पाहिजे कॉम्प्युटर, असं सगळे म्हणत होते तेव्हा त्यांनी मला फुकट शिकवलं होतं. ते त्या फ्लॉपीच्या प्रती काढून एसटीच्या कंडक्टरबरोबर नांदूरघाटला, धर्मापुरीला धाडायचे. पावती नाही, सही नाही, आणि एकही फ्लॉपी कधी हरवली नाही.

एकदा नांदूरघाटच्या दुकानातून परत आलेल्या फ्लॉपीत मला चार ओळी दिसल्या, ज्या मी लिहिलेल्याच नव्हत्या. दुकानदाराचा पासवर्ड गुपचूप टिपून घेणाऱ्या ओळी! दुकानं आपली मागणी फोनवरून आमच्या कॉम्प्युटरला पाठवायची. तिथं परका माणूस शिरला असता, तर उद्या आम्हाला दारात कोणी उभं केलं नसतं.

नवऱ्याने लगेच निकाल दिला. "प्रती कोण काढतंय? सरच ना? बंद कर त्यांच्याकडचं काम."

"सर तसं करणार न्हाईत."

"लई भरवसा हाय तुला! मग मधी दुसरं कोण हाय, सांग की."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण माझ्या रुसण्याने सरांवरचा आळ थोडाच जाणार होता? शेवटी मी दोन खोटी नावं तयार केली, पासवर्डसकट. त्यांनी कुठलंच दार उघडणार नव्हतं. 'दोडका' सरांच्या फ्लॉपीत टाकला आणि 'कारलं' आमच्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवलं. यातल्या कुठल्याही नावाने कोणी फोनवरून आत यायला बघितलं, की आमच्या प्रिंटरने ते नाव छापायचं. जे नाव छापलं जाईल, तिथून चोरी. फ्लॉपी देताना मला सरांच्या तोंडाकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात जेवायच्या वेळी प्रिंटर खडखडला. कारलं! मी खरकट्या हातानेच टाळी वाजवली. मग डोक्यात उजेड पडला, म्हणजे चोर आमच्याच घरात येत होता.

माझ्याशिवाय त्या कॉम्प्युटरला एकच माणूस हात लावायचा. मशीन साफ करायला दर मंगळवारी येणारा मेकॅनिक, नवऱ्यानेच शोधून आणलेला. घरी आलेल्या माणसाच्या डोक्यावर उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला खोलीत एकटं सोडायचो. मी आत पोहे करायची, आणि त्याला पोरांचा त्रास नको म्हणून नवरा दार लोटून घ्यायचा. त्या चार ओळी तो तिथंच बसून घालत होता, फ्लॉपी सरांकडे जायच्या आधीच.

"वरून लिंबूबी पिळत होतो आपण," नवरा म्हणाला. मग हळूच म्हणाला, "सरांना मी काय काय बोललो, बघ."

मेकॅनिकचं येणं त्याच दिवशी बंद केलं. सगळ्या फ्लॉप्या नव्याने करून दिल्या, आणि एकही दुकान सुटलं नाही. मला लई हलकं वाटत होतं, पण सरांपासून हे लपवणं जमेना. क्लासवर जाऊन सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे माझ्या फ्लॉपीतबी सापळा होता?" सरांनी विचारलं.

"हो सर. चुकलं माझं."

"चुकलं कावून? मला एकट्याला वगळलं असतंस, तर माझ्यावरचा आळ कशानं गेला असता?"